तापलेलं इंजिन, गार हीटर

“इंजिनाला ताप अन् ह्याला हिव! काय जोडी जमलीय बघा, मामा.”

हे माझ्यासाठी बोललं गेलं नव्हतं. मी ट्रकच्या नाकाशी उकिडवी बसून रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा ब्रशने काढत होते. बोलणारे रावसाहेब, म्हणजे ट्रकचे मालक, पलीकडे बाकावर गुलाबमामांशेजारी चहा पीत होते. मामा खोखो हसले. ज्यांच्यावर हा विनोद झाला ते रावसाहेबांचे धाकटे भाऊ संतोष टायरला टेकून उभे होते. हा ट्रक गेली अकरा वर्षं तेच चालवतात. ते हसले नाहीत. कानाला गुंडाळलेला मफलर तेवढा त्यांनी सोडून खांद्यावर टाकला, थंडी वाजतच नसल्यासारखा.

मला आधी हसू आलं. मग हातातला ब्रश थांबला. रावसाहेबांनी चेष्टेत सांगितली ती खरोखरच गाडीची तक्रार होती, आणि तशी तक्रार असूच शकत नव्हती. तिसगावहून माल भरून नगरकडे येताना करंजीच्या घाटात तापमानाचा काटा लालमध्ये जायचा, रेडिएटरच्या झाकणातून वाफ यायची. आणि त्याच गाडीत संतोषभाऊंनी बसवलेला हीटर गार वारा मारायचा. केबिनमधल्या हीटरला स्वतःची वेगळी आग नसते. इंजिनातून तापून आलेलं पाणीच एका छोट्या जाळीतून फिरतं आणि मागचा पंखा त्यावरून हवा ढकलतो. म्हणजे चुलीवर पातेलं खदखदतंय आणि त्यातून काढलेला तांब्या मात्र गार लागतोय, असं काहीतरी हे होतं.

मी गुलाबमामांच्या गॅरेजात चार वर्षं काम करते. गॅरेज नगरच्या बायपासला, घर सावेडीत. आमच्या घरात आजोबांपासून सगळे शिक्षक, नाहीतर कारकून. मी इंग्रजी शाळेत शिकले, मग ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला. शोरूममध्ये नोकरी मिळत होती, पण तिथे दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलावं लागलं असतं. गॅरेजात फक्त यंत्रांशी संबंध येईल अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात गेली. यंत्राला काय होतंय ते शेवटी माणूसच येऊन सांगतो, आणि दोन माणसं आली तर दोघं वेगवेगळं सांगतात.

त्यात माझी भाषा. माझ्या हातात तापमान बघायची बंदूक असते, करोनाच्या वेळी कपाळावर धरायचे तशी. मामा लांबून विचारतात, “किती?” मी म्हणते, “एटी सेव्हन.” “मराठीत सांग की बाळ.” मग अठ्ठ्याहत्तर की सत्त्याऐंशी हे ठरवण्यात माझा इतका वेळ जातो की तेवढ्यात पाणी दोन अंश निवतं.

त्या दिवशी चहा संपवून रावसाहेब उठले आणि विनोद संपला.

“मामा, तुमी फकस्त येवढं सांगा, हेड उतरावं लागंल का न्हाई. लागनार आसंल तर मी गाडीच इकतो. घरचं वावर पडलंय, ह्यो येईल वावरात.”

“दादा, गाडी चांगली हाय,” संतोषभाऊ म्हणाले.

“चांगली हुती. तू पान्याचे पाइप कापून त्यात ती गरम हवेची पेटी घुसवली, त्याच्या आधी.”

हेड उतरवणं म्हणजे इंजिनाचं डोकं खोलणं. ते मोठं काम, आणि जुन्या इंजिनात खोलल्यावर आत काय काय निघेल याचा नेम नसतो. रावसाहेबांचा निकाल आधीच लागला होता. गाडी बिघडली ती हीटरमुळे, आणि हीटर बसवला संतोषने. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. दोन वर्षांत गाडीत नवीन काय झालं? एक हीटर. मग दुसरं कशाला शोधायचं?

तरी मी जे जे पाहायचं असतं ते पाहिलं, आणि प्रत्येक गोष्ट पाहून झाल्यावर आधीपेक्षा जास्त गोंधळले. रेडिएटरच्या जाळीत भुसा होता, पण पलीकडे बॅटरी धरली तर उजेड आरपार येत होता. पंख्याचा पट्टा ताणलेला होता. पाण्याचा पंप गळत नव्हता, हलत नव्हता. झाकणाचं रबर नवं होतं. हीटरच्या नळ्या कुठे मुडपल्या नव्हत्या, आणि मला जरा आश्चर्य वाटलं, फार नीट बसवल्या होत्या, प्रत्येक क्लिप एकाच दिशेला. पाण्यात मात्र पांढरा क्षार होता. तिकडचं बोअरचं पाणी असंच असतं, किटलीत थर बसतो तसा इंजिनातही बसतो.

नुसता क्षारच होता, हे नशीब. काष्टीचे एक ड्रायव्हर एकदा गळक्या रेडिएटरची गाडी घेऊन आले होते. गळती थांबवायला ड्रायव्हर लोक पाण्यात हळद टाकतात. ती भोकात जाऊन बसते आणि खरंच काही दिवस काम भागतं. यांनी अर्धा किलो टाकली होती. मी खालचा नळ सोडला तर घमेल्यात पिवळंधमक वरण पडायला लागलं. “फोडणी ऱ्हायली,” मामा म्हणाले. ड्रायव्हर भडकले. त्यांची गाडी त्या हळदीवर दोन महिने बिनतक्रार चालली होती, आणि आम्ही हसत होतो. मला त्यांचं पटलं. मामांचंही पटलं होतं. हा माझा नेहमीचा घोळ आहे, समोरचा ठामपणे बोलला की मला त्याचं पटतं.

शेवटी मी झाकण काढून इंजिन चालू ठेवलं आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहिलं. आले. थोडा वेळ आले आणि थांबले.

“गॅसकेट,” मामा म्हणाले. “जळालेली हवा पान्यात येतीय. उतरवू हेड.”

बुडबुडे थांबले होते, हे मामांनीही पाहिलं होतं. गॅसकेट, म्हणजे हेडखालचं सील, गेली असती तर थांबले असते का? की ती नुसती अडकलेली हवा होती? तीस वर्षं इंजिनं खोलणाऱ्या माणसाला मी काय विचारणार? बराच वेळ नळी पुसत राहिले आणि मग म्हटलं, “मामा, एकदा भरल्या गाडीने घाट चढून बघू का?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. “बघ. उद्याचा दिवस तुझा. परवा खोलायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संतोषभाऊंबरोबर रिकाम्या गाडीतून तिसगावला निघाले. तिथून रावसाहेबांचा कांदा भरून नगरच्या मार्केटला आणायचा होता. चढ असतो तो येताना. भिंगार मागे पडलं. काटा तळाशीच होता. हीटरसमोर हात धरला, वारा गार.

“म्याडम, काच वर घिऊ का? वारं लागतंय तुमाला.”

“चालेल.”

आणखी पाच-सहा किलोमीटर. मग त्यांनीच विषय काढला, रस्त्याकडे बघत.

“दादाला वाटतं मी चैन म्हनून बसवला. मागच्या हिवाळ्यात संत्री घिऊन पंजाबात गेल्तो. असं धुकं, बॉनेट दिसंना. पायाची बोटं बधिर. क्लच दाबलाय का न्हाई ते खाली वाकून बघावं लागायचं. म्हनलं, ह्याच्यात कुनालातरी उडवीन मी. तिथंच एका जुन्या सामानवाल्याकडनं घेतला अन् हितं घरी येऊन बसवला.”

“क्लिपा छान लावल्यात,” मी म्हटलं.

ते एकदम लाजले. मीही.

तिसगावात पोचलो तेव्हा इंजिन तासाभरापेक्षा जास्त चाललं होतं. मी उतरून बंदूक लावली. रेडिएटरच्या वरच्या नळीत पंचावन्न. इतक्या वेळात ऐंशीच्या पुढे जायला हवं होतं. खालची नळीही कोमट होती. तापणारी गाडी म्हणून मी जिच्याकडे आले होते, ती तापतच नव्हती. मी वहीच्या पानावर आकडे लिहिले आणि त्यांच्याकडे बघत बसले. कांद्याच्या गोण्या चढत होत्या, त्या मोजणाऱ्या माणसाने मला विचारलं, “गाडीचा दाखला काढताय का?” मी हो म्हटलं. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

येताना करंजी ओलांडली, चढ लागला, दुसऱ्या गिअरवर इंजिन घुमायला लागलं आणि काटा निघाला. मधोमध आला. पुढे सरकला. संतोषभाऊ काट्याकडे पाहत नव्हते, त्यांना आवाजावरूनच कळत असावं.

“आता हात धरा हितं,” ते म्हणाले.

मी हीटरसमोर हात धरला आणि मागे घेतला. वारा चांगलाच कढत होता.

“घाटात लई भारी चालतो, म्याडम. पर घाटात मला आधीच घाम फुटलेला आसतो.”

“हे तुम्ही काल मामांना का नाही सांगितलं?”

“कुनी इचारलंच न्हाई. दादा म्हनला, हीटर बंद पडलाय. दादानं म्हनल्यावर...” त्यांनी वाक्य सोडून गिअर बदलला. मला पुढचं कळलं. मीही असंच करते.

आता निदान एक गोष्ट नक्की होती. इंजिन गरम असेल तेव्हा हीटर गरम, इंजिन थंड तेव्हा गार. म्हणजे हीटर निर्दोष होता. तो बिचारा फक्त खरं सांगत होता. बिघाड असा होता की सपाटीवर इंजिन तापत नव्हतं आणि चढावर निवत नव्हतं. हे तर आणखीनच अवघड झालं.

घाटमाथ्यावर वाफ यायला लागली तेव्हा आम्ही गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवून मी नळ्यांवर बंदूक फिरवली. वरच्या नळीत अठ्ठ्याण्णव. मग पंपाकडे जाणारी एक आखूड, जाड नळी असते, तिच्यावर धरली. तिथेही अठ्ठ्याण्णव. मी बंदूक झटकली आणि पुन्हा धरली. तेवढेच.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी एक छोटा वॉल्व असतो, आत मेणाची गोळी असलेला. इंजिन थंड असताना तो मिटलेला असतो. पाणी रेडिएटरकडे न जाता त्या आखूड नळीतून परत इंजिनात फिरतं आणि लवकर तापतं. पाणी तापलं की मेण फुगतं, वॉल्व उघडतो, आणि उघडताना आपल्या बुडाने ती आखूड वाट बंद करतो. एक दार उघडलं की दुसरं लागतं. तापलेल्या इंजिनात त्या आखूड नळीला काही काम नसतं. इथे तर ती रेडिएटरच्या नळीइतकीच कढत होती. म्हणजे उकळतं पाणी निवायला न जाता अर्ध्यातूनच माघारी फिरत होतं.

दोन्ही दारं कायमची उघडी असतील तर? मग सपाटीवर पाणी सारखं रेडिएटरकडे जाऊन निवत राहणार, इंजिन तापणार नाही. आणि चढावर सगळ्या पाण्याची गरज रेडिएटरला असताना त्यातलं बरंचसं आखूड वाटेने पळणार. ताप आणि हिव, दोन्ही एकाच कारणाने. मला इतका आनंद झाला की मी संतोषभाऊंना काही सांगितलंच नाही. नुसती मान हलवली. त्यांना वाटलं गाडी गेली.

कांदा मार्केटला उतरवून आम्ही दुपारी गॅरेजात आलो. रावसाहेब मोटारसायकलवरून मागोमाग आलेच. इंजिन निवल्यावर मी वॉल्वच्या घराचे बोल्ट सोडले, झाकण उचललं. आत काहीच नव्हतं. वॉल्व अडकलेला नव्हता, तुटलेला नव्हता. नव्हताच.

तिघं वाकून त्या रिकाम्या भोकात बघत होते.

“आरं, वॉल्वच न्हाई!” मामा म्हणाले.

आपल्याकडे गाडी तापली की वॉल्व काढून टाकायचा ही जुनी पद्धत आहे. आपल्या उन्हात ती भानगड कशाला, असं सगळे म्हणतात. गॅरेजात काढलेल्या वॉल्वचा एक डबाच आहे, अर्ध्याहून जास्त भरलेला. ते ज्यांतून काढले त्यातल्या बहुतेक गाड्या छान चालतात. माझी अडचण तीच होते. चुकीची गोष्ट दर वेळी चुकीची दिसत नाही. या गाडीचा रेडिएटर साफ होता तोवर तिचंही भागलं. मग क्षार चढत गेला आणि घाटात ते उघडं पडलं. हीटर आला म्हणून थंडीची बाजू कळली, एरवी तीही कळली नसती.

“बघितलं का?” रावसाहेब संतोषभाऊंकडे वळले. “हीटर बसवताना ह्यानंच काढला.”

“दादा, मी तिथं हातबी लावला न्हाई.”

“पंजाबातल्या एखाद्या मिस्त्रीनं काढला आसंल,” मामा म्हणाले. “ताई, वहीत बघ बरं, ह्या गाडीला किती डिग्रीला उघडनारा वॉल्व बसतो.”

कामाची वही मीच सुरू केली आहे. कोणत्या गाडीचं काय केलं, कोणता पार्ट कितीचा, एवढंच त्यात असतं. सवयीने मी ती इंग्रजीत लिहिते, त्यामुळे माझ्याशिवाय ती कोणी उघडत नाही. मी गाडीचा नंबर शोधत मागे गेले. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. रेडिएटर बाहेरून धुतला. वॉल्व काढला, एटी टूचा. खाली माझी सही.

मी ते पान दोनदा वाचलं. अक्षर माझं होतं, पण दिवस आठवेना. मग हळूहळू आठवला. पत्रा तापलेला, पाच गाड्या रांगेत, आणि मामांचा आवाज, “काढून टाक तो वॉल्व, ऊन बघ केवढं हाय.” गाडी रावसाहेबच घेऊन आले होते आणि उसाचा रस प्यायला गेले होते. कोणालाच काही सांगितलं गेलं नव्हतं. काल सगळं तपासताना मी वॉल्वचं घर का उघडलं नाही? तो प्रश्न गॅरेजात कोणी विचारत नाही म्हणून, की मला कुठेतरी आठवत होतं म्हणून? मला आजही नक्की सांगता येत नाही.

“किती गं?” मामांनी विचारलं.

“ब्याऐंशी,” मी म्हटलं. पहिल्या फटक्यात बरोबर. बाकीचं बोलले नाही. वही मिटली.

डब्यातून त्या आकड्याचे तीन वॉल्व निघाले. ते चांगले आहेत का हे बघायला उकळतं पाणी लागतं, म्हणून मी शेजारच्या चहावाल्याकडे गेले. “म्याडम, त्याच पातेल्यात तुमाला च्या देतो, चालंल का?” असं तो ओरडला, तरी त्याने जुनं पातेलं दिलं. दोन वॉल्व पाण्यात ढिम्म राहिले. तिसऱ्याचं तोंड हळूहळू उघडलं. कदाचित तो याच गाडीचा असेल. डब्यात पडल्यावर वॉल्ववर कोणाचं नाव राहत नाही.

मी तो बसवला, पाणी बदललं, हवा काढली. पंधरा मिनिटांत काटा मधोमध येऊन उभा राहिला. आखूड नळी निवत गेली. हीटर लावला तर उबदार वारा आला. संतोषभाऊंनी दोन्ही हात पुढे केले आणि तसेच ठेवले. बुडबुडे एकही नाही.

“हेड खोलायची गरज न्हाई,” मामा म्हणाले. “रेडिएटर आतून धुवून घ्या म्हंजे झालं. ताईनं वाचवली गाडी.”

मला वाटलं आता सगळं मिटलं. गाडी विकली जाणार नाही. मग त्या पानाचं काय एवढं?

“गाडी ऱ्हाईल,” रावसाहेब म्हणाले. “पर ह्याच्या हातात न्हाई. इंजिनाचा पार्ट काढून फेकतो अन् तोंडावर न्हाई म्हनतो. मी काष्टीच्या एका ड्रायव्हरला इचारलंय. सोमवारी येतोय त्यो. संतोष, किल्ली दे.”

“दादा, आईशप्पत मी काढला न्हाई.”

“मग काय भुतानं काढला?”

संतोषभाऊंनी इंजिन बंद केलं. किल्ली काढली, पण दिली नाही. मुठीत धरून केबिनच्या पायरीवर बसले. मामा पान्याला लागलेलं ग्रीस पुसत होते, फार लक्ष देऊन. त्यांना तो मे महिना आठवत होता की नव्हता, मला कळत नव्हतं. मी वर पाहिलं तर त्यांनी पाहिलं नाही. मामांनी मला इथे उभं केलं, हातात पाना दिला, चार वर्षांत एकदाही आवाज चढवला नाही. त्यांचं नाव घ्यायचं? न घेता सांगता येईल? आणि न सांगितलं तर कोणाला कळणार होतं? वही मी सोडून कोणी वाचत नाही.

रावसाहेबांनी हात पुढे केला. संतोषभाऊ उठले.

वाक्य माझ्या डोक्यात आधी इंग्रजीत तयार झालं. ते मी तसंच टाकून दिलं. तोंड उघडलं तेव्हा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला, चहावाल्यानेही मान वळवली.

“काका, त्यांच्याकडून किल्ली घेऊ नका. तो वॉल्व त्यांनी नाही काढला. मी काढला, इथेच, दोन वर्षांपूर्वी, तुम्ही रस प्यायला गेला होतात तेव्हा. आणि काढू नये हे मला तेव्हाही माहीत होतं.”